कानांवरचे हात

लिफ्टचं दार मिटता मिटता तो ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच आत शिरला आणि तिच्या गळ्यातलं विभागाचं ओळखपत्र वाचून म्हणाला, "बरं झालं भेटलात. त्या खिडकीजवळच्या पेशंटला मी काल—"

तिनं दोन्ही हातांनी कान झाकले. बगलेतली ओली छत्री सुटली ती नेमकी त्याच्या पायावर पडली.

"एक अक्षर बोलू नका," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच लागला. कान झाकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही.

लिफ्ट जुनी होती. मजल्यामजल्यावर दम खात वर जायची. त्यानं छत्री उचलली, तिचे हात खाली येईपर्यंत गप्प उभा राहिला, आणि मग फार अदबीनं विचारलं, "हवामानावर बोललं तर चालेल?"

"चालेल."

"बाहेर पाऊस आहे."

"ऑपरेशन थिएटरला खिडकी नसते. तुम्हाला कसं कळलं?"

"माझा मोजा भिजलाय," तो छत्रीकडे बघत म्हणाला.

ती हसली नाही. हसू आलं होतं. पण ते तिनं पुढच्या मजल्यासाठी राखून ठेवलं.

तो मूत्ररोग विभागात नुकताच रुजू झालेला सर्जन. पाठीला बोटभर रुंदीचं भोक पाडायचं, त्यातून दुर्बीण मूत्रपिंडात न्यायची आणि मुतखडा फोडून बाहेर काढायचा, हे त्याचं काम. वॉर्ड त्याला 'दुर्बीणवाले' म्हणायचा. वॉर्डानं तिचंही नाव पाडलं होतं, 'नंबरवाली'. कारण ती रोज खाटेखाटेपाशी जाऊन एकच प्रश्न विचारायची: शून्य ते दहा, किती दुखतंय?

प्रश्नामागे मोठा अभ्यास होता. खडा काढल्यावर मूत्रपिंडापासून खाली मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी ठेवून द्यावी की नाही, यावर जगभरच्या तज्ज्ञांत दोन तट आहेत. ठेवली तर ती टोचते, जळजळते. नाही ठेवली तर क्वचित वाट सुजून बंद होते. म्हणून इथे कुणाला नळी ठेवायची ते चिठ्ठी काढून ठरायचं, आणि चिठ्ठीत काय निघालं ते ऑपरेशन करणाऱ्यालाच ठाऊक असायचं. पेशंटला पहिला पंधरवडा सांगायचं नाही. नंबरवालीला तर कधीच नाही. तिला कळलं, की तिचा प्रश्न विचारण्याचा सूर बदलणार; सूर बदलला, की उत्तर बदलणार. आणखी एक नियम असा, की आकडा पेशंटच्याच तोंडून यायला हवा. बायको म्हणते फार दुखतंय, मुलगा म्हणतो मुळीच नाही, यातलं काहीही ग्राह्य नाही.

थोडक्यात, एकाच वॉर्डात काम करणाऱ्या या दोघांना कामाबद्दल बोलायला बंदी होती.

एका खात्यातली माणसं एरवी कामाबद्दल बोलतात, आणि म्हणूनच सहसा प्रेमात पडत नाहीत. या दोघांना ती सोय नव्हती. चहाच्या मशीनपाशी भेट झाली, की उरलेल्या सगळ्या जगाबद्दल बोलावं लागे. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी डोळ्याला भिंग लावून बारके स्क्रू फिरवता फिरवता हात स्थिर झाला, हे तिला असं कळलं. तिची आई फोनवर आधी रक्तदाब सांगते, मग स्थळं सांगते, हे त्याला कळलं.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"म्हणते, रक्तदाब जास्त आहे, स्थळांचं नंतर बघू."

"म्हणजे... सध्या बघत नाही?"

"चहा थंड होतोय तुमचा."

"होऊ दे. मला थंडच आवडतो."

दुसऱ्या दिवशी तो वाफाळता कप फुंकून फुंकून पिताना दिसला. तिनं फक्त बघितलं. त्यानं कप खाली ठेवला, आणि त्याचे कान लाल झाले. चहा बराच गरम असावा.

पुढे मात्र कुणी बोललं नाही. बोलता येण्यासारखं नव्हतंच. ज्याच्या हातच्या ऑपरेशनची वेदना मोजायची, त्याच्याशी जमलंय म्हटल्यावर ते मोजमाप कोण मानणार? अभ्यास संपेपर्यंत थांबायचं, असं दोघांनी वेगवेगळं ठरवलं होतं. तो वॉर्डात आला, की ती नियमाप्रमाणे बाहेर पडे. दारात दोघं एकमेकांना वाट देत थबकत. आपण गुपित फार नीट सांभाळलं आहे, अशी दोघांचीही खात्री होती.

आडव्या पडलेल्या माणसाला दाराकडे बघण्याशिवाय दुसरा उद्योग नसतो.

हळूहळू आकडे उतरू लागले. चार, तीन, एक. मग शून्यच शून्य. वॉर्डात कुणाला काही दुखेनासंच झालं. शून्य ऐकलं की तिला बरं वाटायचं. पेशंटसाठी वाटायचंच, पण थोडं जास्तच वाटायचं, आणि ते जास्तीचं कुणासाठी, हे तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

अशात टेलरकाकू दाखल झाल्या. स्वतःचं शिलाईचं दुकान, साठी उलटलेली, जीभ कात्रीसारखी. "मी माणसाचं माप नजरेनं घेते," त्या म्हणायच्या. "टेप आपली गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी." ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती त्यांच्यापाशी गेली.

"काकू, शून्य ते दहा—"

"शून्य."

"अजून प्रश्न पुरा झाला नाही."

"उत्तर झालंय. जा तू. आणि ती वेणी पुढे घे, चांगली दिसते."

काकूंच्या मुठीत चादरीचा बोळा होता. तिनं तो पाहिला. क्षणभर थांबली. मग पेशंटच्या तोंडचा आकडा मांडला आणि पुढच्या खाटेकडे गेली. नियम तसाच होता.

काकू घरी गेल्या. घरी गेलेल्यांना ती फोन करी. तिथेही शून्यच.

आणि एका दुपारी काकूंना स्ट्रेचरवरून परत आणलं. दातांवर दात वाजत होते, ओठ निळसर, रक्तदाब जेमतेम लागत होता. मूत्रपिंडातून खाली येणारी वाट सुजून बंद झाली होती; वर अडलेल्या लघवीत जंतू वाढून ते रक्तात उतरले होते. तो धावतच थिएटरमध्ये गेला, आणि खालच्या वाटेनं नळी सरकवून तुंबलेलं मोकळं केलं. काकू अतिदक्षता विभागात गेल्या. जगतील की नाही, कुणी सांगत नव्हतं.

बाहेरच्या बाकावर काकूंची सून बसली होती. "घरी आल्यापासून कुशीत दुखत होतं हो त्यांच्या," ती म्हणाली. "मी म्हणायची, फोन आलाय तर सांगा. तर माझ्यावरच डोळे वटारायच्या."

"पण का?"

सून घुटमळली. "तुम्ही ते दहापैकी विचारता ना... ते डॉक्टरांचे मार्क असतात, असं वॉर्डात सगळे म्हणतात. कमी दुखलं, की डॉक्टर पास. जाणारा पेशंट येणाऱ्याला सांगूनच जातो, नंबरवालीला कमी सांगायचं, त्या दोघांचं जमायचंय." तिनं पदरानं डोळे टिपले. "आत्याबाई म्हणाल्या, माझ्या दुखण्यानं पोरीचं मोडायला नको."

नंबरवाली तिथून उठली, ती थेट मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम विभागप्रमुख, अभ्यास त्यांचा, त्यात आयुष्यातली कितीतरी वर्षं घातलेली. समोर तो बसला होता. काकूंचं कसं बिघडलं ते सांगायला आला होता. त्याला पाहून ती दारात थबकली, मग आत आली.

"मॅडम, आपले वेदनेचे आकडे खोटे आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "कुणाचे?"

"बऱ्याच जणांचे. पेशंट मुद्दाम कमी सांगतात."

"कारण?"

"कारण मी. पेशंटांचा असा समज आहे, की माझं आणि... डॉक्टरांचं काही आहे. म्हणून."

"समज की गैरसमज?"

खोलीत पंखा फिरत होता. नाही म्हटलं असतं, तर दोष पेशंटांच्या भाबडेपणावर गेला असता आणि ती या कामावर राहिली असती. तिला मुठीतली ती चादर आठवली.

"समज," ती म्हणाली. "निदान माझ्या बाजूनं. त्यांच्याशी मी कधी बोललेले नाही."

त्यानंही ते तेव्हाच ऐकलं. तो काहीतरी बोलणार होता. मॅडमनी हातानंच थांबवलं.

"तुमचं नंतर. आधी पेशंट." त्या तिच्याकडे वळल्या. "ज्यांनी ज्यांनी शून्य सांगितलंय, त्या सगळ्यांना आज तपासायला बोलवा. आकडे बाद. देखरेख समितीला मी कळवते. आणि तुम्ही या अभ्यासातून बाहेर."

"हो, मॅडम."

"आणखी आधी यायला हवं होतं."

"हो, मॅडम."

संध्याकाळपर्यंत ती फोन करत राहिली. "खरं सांगा," एवढंच म्हणायची. काहींना खरंच काही होत नव्हतं. काही जण रडले. एक आजोबा म्हणाले, "मग तुमचं काय होणार, बाई?" तिनं सांगितलं, "माझं राहू दे. तुम्ही या." त्यातल्या दोघांना लगेच दाखल करावं लागलं.

त्या दिवसापासून ती चहाच्या मशीनपाशी फिरकली नाही.

काकू वाचल्या. वॉर्डात परत आल्या तेव्हा अर्ध्या झाल्या होत्या. जीभ तेवढी शाबूत होती. ती त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसली.

"काकू, जीव गेला असता तुमचा."

"गेला नाही ना? दुकानात ब्लाउज अडकलेत लोकांचे." मग थोड्या वेळानं, खाली बघत, "तुला कामावरून काढलं म्हणे. मी माप चुकले का गं?"

"माप बरोबर होतं. पण माझ्या कपड्यासाठी तुमचं कापड नव्हतं कापायचं."

काकूंनी डोळे पुसले.

"आता किती दुखतंय? मी आपलं असंच विचारतेय."

"चार," काकू म्हणाल्या. "आणि रात्री पाच. आणि ही उशी म्हणजे वीट आहे."

तिनं त्यांचा हात हातात घेतला. मोजणाऱ्या माणसाला तोही धरायची मुभा नव्हती. चार ऐकून इतकं हलकं वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं.

निघताना ती लिफ्टमध्ये शिरली. दार मिटता मिटता तो आत आला. डोळे जागरणानं सुजलेले. तो तोंड उघडतोय म्हटल्यावर तिचे हात सवयीनं वर गेले, अर्ध्यावर थांबले.

"आता चालतं," तो हळूच म्हणाला.

तिनं हात खाली घेतले. "सांगा."

"काकूंना नळी ठेवली नव्हती. चिठ्ठी तशी निघाली. शेवटी दुर्बीण काढताना क्षणभर वाटलं होतं, ठेवावी का... मग म्हटलं, उगाच धास्ती, आत सगळं स्वच्छ दिसतंय. पण मनातून गेलं नाही. रोज चहाला तुम्हाला सांगावंसं वाटायचं. आणि मी घड्याळांबद्दल बोलत बसायचो."

ती ऐकत राहिली. लिफ्ट तळमजल्यावर टेकली, दार उघडलं, मिटलं. बटण कुणीच दाबलं नाही.

"आणि दुसरं?" तिनं विचारलं.

"दुसरं तुम्ही मॅडमसमोर बोलून मोकळ्या झालात. माझ्यासाठी काही ठेवलंच नाहीत."

"ती माझी बाजू. दुसऱ्याच्या तोंडचं ग्राह्य धरत नाहीत, माहीत आहे ना?"

त्याचे कान लाल झाले. या वेळी जवळपास चहा नव्हता.

मग तो बोलला — अडखळत, खाली बघत, पण स्वतःच्या तोंडानं. शून्य ते दहा किती, हे तिनं विचारलं नाही.