पहिल्या नंबरावर पाठवणी

नवरदेव मांडवाच्या दारात पोचला आणि स्पीकरवर पाठवणीचं गाणं लागलं.

हो, पाठवणीचं. लेक निघाली, अंगण सुनं झालं, आई आता कुणाची वेणी घालणार... त्या जातीचं. अक्षता अजून वाटायच्या होत्या. नवरी आत नथ घट्ट करून घेत होती. पण नवरीच्या मावशीने डोळ्याला पदर लावला, तिचं बघून आत्याने लावला, आणि पाच मिनिटांत पारोळ्याचा तो अख्खा मांडव मुसमुसायला लागला. घोड्यावरचा नवरदेव बिचारा भांबावून खाली बघत होता. आपल्याला बघून लोक का रडतायत, हे त्याला कळेना.

मी तिसऱ्या रांगेत, कूलरच्या समोर बसले होते आणि मला मात्र सगळं कळत होतं. कारण ते गाणं पहिल्या नंबरावर मीच आणलं होतं.

मी जिनल. जळगावच्या एका छोट्या रेडिओवर दर शनिवारी ‘खान्देशची दहा’ नावाची यादी करते. गावोगावची मोबाइलची दुकानं आठवड्यात कुठलं गाणं किती जणांच्या मेमरी कार्डात भरून देतात ते आकडे मागवायचे, फोनवरच्या फर्माईशी मोजायच्या, आणि दहा नंबर लावायचे. लग्नसराईत प्रत्येक मुलीकडची माणसं पाठवणीचं एक गाणं भरून घेतातच. म्हणून ते पहिलं आलं. आकड्यात चूक नव्हती हो. पण साउंडवाल्या नवीनभाऊंनी माझी यादी आहे त्याच क्रमाने पेनड्राइव्हवर उतरवली, आणि नवरदेव आल्यावर पहिल्या नंबराचं बटण दाबलं.

तेवढ्यात वरातीतून एक मुलगा धावत आला, खुर्च्या ओलांडत साउंडपाशी गेला आणि त्याने पेनड्राइव्ह सरळ उपटून काढला. मग घाम पुसत कूलरपाशी आला... म्हणजे माझ्यापाशी.

“ही यादी करणारी बाई मला एकदा भेटू दे,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते माहीत नाही, पण ऐकायला मीच होते.

“काय करणार भेटून?”

“विचारणार, की बाई, तुम्ही गाणं कधी ऐकता का? की नुसतं मोजता?”

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा घामाने नाकापर्यंत ओघळला होता, आणि एवढ्या ओघळलेल्या माणसावर नीट रागावता येत नाही. मी पर्समधला रुमाल पुढे केला. त्याने घेतला, टिळा पुसला, रुमाल लाल करून परत दिला.

“तुम्ही मुलीकडच्या?”

“दिपमालाची मैत्रीण. कॉलेजपासूनची. आणि तुम्ही?”

“नवरदेवाचा मित्र. हितेंद्र. धुळ्याला स्टँडमागे गाणी भरून द्यायचं दुकान आहे.”

आता मला त्याचा फोननंबरसुद्धा आठवला. धुळ्याच्या या एका दुकानाने मला कधीच आकडे दिले नव्हते. चार वेळा मेसेज केला, चारही वेळा एकच उत्तर आलं होतं: ‘आमच्याकडे नंबर नसतो.’

“मी जिनल,” मी म्हणाले. “ती बाई.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या लाल रुमालाकडे पाहिलं, आणि मान खाली घालून हसायला लागला. मला त्याच्या हसण्याला नंबर द्यावासा वाटला. माझी खोडच आहे ती.

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुण्याच्या एका संगीत ॲपवाल्या कंपनीने मला बोलावलं होतं. मराठी ऐकणाऱ्यांसाठी याद्या करायच्या, पगार तिप्पट. उत्तर मे अखेरपर्यंत द्यायचं. जायचं होतं, आणि जाववत नव्हतं. घरी बाबा, म्हणजे अभयकुमारजी, डाळीच्या दुकानातून फोनवर फोन करून माझा लग्नाचा बायोडेटा समाजात वाटत होते. त्रेचाळीस अंशांच्या उन्हात मी गच्चीवर फेऱ्या मारायचे आणि आई म्हणायची, हिला काय झालंय?

पुढच्या बुधवारी मी धुळ्याच्या बसमध्ये बसले. घरी सांगितलं, आकडे आणायला जाते.

त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि आवाज करणारा पंखा. समोर एक आजोबा मेमरी कार्ड हातात धरून उभे होते.

“नाना, नांगरणी कवय करतस?” हितेंद्रने विचारलं.

“पहाटे. ऊन शे ना रे भाऊ.”

“मंग तुमले जोरनं गानं नको. ट्रॅक्टरच जोरमा शे.”

नाना हसले. हितेंद्रने निवडून वीस गाणी भरली. मग मेहरुनचाची आल्या. त्या शिलाई मशीनवर बसतात, त्यांना लांब गाणी लागतात, कारण गाणं बदलायला हात मोकळा नसतो. हे त्यांनी सांगितलं नाही. त्याला माहीत होतं. अर्ध्या तासात पाच माणसं आली आणि पाचांच्या कार्डात एकही गाणं सारखं नव्हतं. माझ्या आकड्यांच्या वहीत या दुकानाचं काय लिहायचं ते मला आता कळलं. काही लिहिता येणार नव्हतं.

“आणि मला काय भराल?” मी विचारलं.

“तुम्ही कधी ऐकता?”

“दिवसभर. कामच आहे.”

“किती वेळ? एक गाणं?”

मी खोटं बोलणार होते... पण तो वाट बघत होता, आणि वाट बघताना त्याचा हात माऊसवर थांबला होता.

“तीस सेकंद,” मी म्हणाले. “तेवढ्यात कळतं. मग पुढचं. दोन वर्षांत एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.”

त्याने ड्रॉवरमधून एक नवं कार्ड काढलं, त्यात काहीतरी टाकलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बोट जरा जास्त वेळ राहिलं, की मला तसं वाटलं? 

“एकच आहे. पूर्ण ऐका. नाही आवडलं तर परत करायला या.”

“आणि आवडलं तर?”

“तर सांगायला या.”

परतीच्या बसमध्ये मी ते लावलं. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, हळदीचं गाणं, वाद्य नाही काही नाही. तीस सेकंदांनी माझा अंगठा आपोआप उठला. मी बंद केलं. एरंडोलला पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. अंगात मुंग्या आल्यासारखं होत होतं, शपथ. तिसऱ्यांदा लावून फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सवर बसले. चौथ्या मिनिटाला ती बाई गाता गाता थांबली, कुणाला तरी म्हणाली, “ती बकरी बांध वं,” आणि पुन्हा सूर धरला... आणि तो जो धरला ना, माझ्या शेजारच्या प्रवाशाने मला विचारलं, ताई, बरं वाटत नाही का?

दुसऱ्याच दिवशी मी परत धुळ्याला. आकड्यांचं निमित्तही नाही.

“कोण आहे ही?”

“पिंपळनेरच्या शेवंताबाई. मीच फोनवर टिपलंय. ज्याला समजेल त्यालाच देतो. तीसेक जणांना दिलं असेल.”

“तीस? हे तीस जणांनी ऐकायचं गाणं आहे?”

“मग तुम्ही काय करणार? नंबर देणार?” त्याचा आवाज चढला. “नंबर दिला की लोक नंबर ऐकतील. बकरीपर्यंत कुणी थांबणार नाही.”

“शंभरातला एक थांबेल. पण माझ्याकडे ऐकणाऱ्यांची शंभरं किती आहेत माहीत आहे? तुम्हाला समोरचा माणूस दिसल्याशिवाय गाणं देता येत नाही. पहूरचा माणूस तुमच्या दुकानात कधी येणार?”

पंखा तेवढा बोलत राहिला.

“बाईंना विचारतो,” तो शेवटी म्हणाला. “त्या हो म्हणाल्या तर द्या.”

त्या हो म्हणाल्या. आकड्यांत ते गाणं कुठेच नव्हतं, म्हणून मी दहा नंबरांच्या खाली एक वेगळी जागा केली: ‘मोजलेलं नाही, ऐकलेलं आहे.’ सहा मिनिटं पूर्ण वाजवलं, बकरीसकट. रेडिओचे साहेब भडकले. फोन मात्र रात्रीच्या बातम्यांपर्यंत वाजत राहिला, आणि दोन आठवड्यांत पहूरच्या दोन घरांनी शेवंताबाईंना हळदीला बोलावलं. एका घरी त्यांना म्हणे सांगितलं, फक्त रेडिओवरचं म्हणा, बाकी नको. त्यांनी बाकीचंही म्हटलं.

“माले गल्लीमा कोनी वळखे नही,” त्या मला फोनवर म्हणाल्या. “आते पहूरलोंग बलावतस. पोरी, तू हितूनी कोन शे?”

हितेंद्रची मी कोण? मी म्हणाले, आवाज कट होतोय.

हितेंद्रने मेसेज केला: ‘हरलो.’ मी लिहिलं: ‘अर्धेच हरलात. नवरदेवाच्या वेळचं मी हरलेच होते.’ मग रोज काहीतरी. तो गाणं पाठवायचा, मी पूर्ण ऐकायचे आणि भांडायचे. पण पुण्याचं मी त्याला सांगत नव्हते. जेवताना, केस धुताना, माईकसमोर... सारखं तेच. सांगितलं आणि तो ‘अभिनंदन’ म्हणाला तर? मला त्याच्या तोंडून तो शब्द नको होता. आणि न सांगताच गेले तर आयुष्यभर गच्चीवर फेऱ्या मारत बसणार, हेही कळत होतं.

एकतीस मे उजाडला. दुपारी तीनला मी त्याच्या दुकानात पोचले. ऊन असं की स्टँडावर कुत्रंही नव्हतं.

“पुण्याची नोकरी आहे,” मी बसायच्या आधीच म्हणाले. “आज उत्तर द्यायचं. जाऊ का?”

त्याने माऊस सोडला.

“सगळ्यांना सांगता ना, कुणी काय ऐकावं?” मी म्हणाले. “मला सांगा. विचारा काय विचारायचं ते.”

“तुम्हाला नाही सांगता येणार.”

“का?”

“नानांनी काय ऐकावं यात माझं काही जात नाही,” तो म्हणाला. टेबलाच्या कडेवरचा सुटलेला सनमायका तो नखाने दाबत होता. “म्हणून त्यांना बरोबर सांगता येतं. तुमच्यात... माझं जातं. मी राहा म्हणेन. आणि ते तुमच्या भल्याचं नसेल, माझ्या भल्याचं असेल. असा सल्ला कुणी घेऊ नये.”

मी समोरचं स्टूल ओढून बसले.

“मग तुझ्या भल्याचं सांग,” मी म्हणाले. तू कधी म्हणाले ते माझं मलाच नंतर कळलं.

“राहा,” तो म्हणाला. मग सनमायका सोडून, “आणि माझ्या सांगण्यावरून राहिलीस तर मला ते सहन होणार नाही. दोन्ही खरं आहे. आवडतेस तू मला. त्या रुमालापासून. आता कर काय करायचं ते.”

मी फोन काढला आणि त्याच्यासमोर पुण्याला ‘येते’ असं लिहून पाठवलं. स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने वाचलं, मान हलवली, हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मला बघवला नाही.

“अभिनंदन म्हणू नकोस,” मी म्हणाले. “पुणं नकाशावरून पुसलेलं नाही. शनिवारी सुटी असते. पण एक काम आज व्हायला हवं. बाबा सगळ्या समाजात माझा बायोडेटा वाटतायत. ते बंद करा म्हणून सांगायचंय.”

“ते विचारतील ना, का?”

“विचारतील. ओरडतील. आमच्या घरात हे सोपं नाही, हितेंद्र. तुझी जात, तुझं हे टेबल, पंखा, सगळं निघेल.”

“मग तू काय सांगणार?”

“तू मला आवडतोस, एवढंच सांगेन. बाकी तू सांगायचं. मुद्दे मांडून नाही, पटवून नाही. नानांना सांगतोस तसं, समोर बसून.”



“कधी येऊ?” त्याने विचारलं.

“साडेतीनची जळगाव गाडी आहे.”

त्याने दोन्ही कॉम्प्युटर बंद केले, पंखा बंद केला, आणि शटर ओढायला उठला.