बुडालेल्या घराची ओ

अमिषा, प्रज्योतला धरणाच्या कामावर धाडू नकोस गं. ही तुझी सासू अडून बसली म्हणतेस ना? मग ऐक.

त्या सांजेला मी चहाची किटली घेऊन शाळेत गेले. धरणाची सुनावणी होती. भिंत उंच करायचा कायदा मुंबईत कधीच पास झालेला. आमची वाडी बुडणार हे ठरलेलं. मग सुनावणी कसली, डोंबलाची? वरातीमागून घोडं!

पहिल्या धरणात जुनं गाव गेलं. हे घर मी डोक्यावर माती वाहून उभं केलं. आता हेही द्या म्हणे.

साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "हरकत कुणाचीच दिसत नाही." माणसं माना खाली घालून बसलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या गावकीच्या बैठकीत एकेका घराला हाक मारतात. घरच्याने 'हाय' म्हणून ओ दिली की ते घर हजर. पण ज्या घरात कुणी उरलं नाही, त्याला हाक मारायची नाही. मारली तर त्या घरच्या मेलेल्यांना यावंच लागतं.

मी उठले आणि रागात हाका घालायला लागले. जिभेवर क्रम बसलेला जुन्या गावाचा.

"तुळशीरामचं घर!"

"हाय."

"धाकूचं घर!"

बोलले आणि जीभ चावली. पहिल्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा धाकू घरातून उठलाच नव्हता. त्याची बायको इंदूबाईही त्याच्यापाशी बसून राहिली होती.

मग धरणाच्या पाण्याकडच्या दाराबाहेरून, हळूच...

"हाय..."

गाळाचा वास आत आला. कुणी मागं वळेना.

"कोण... कोण बोललं?" साहेबांचा आवाज कापत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"तुम्ही बुडवलेली माणसं! घ्या लिहून हरकत!"

तिथंच थांबायला हवं होतं. पण राग कुठला थांबतो! धाकूच्या पुढचं घर आमचं.

"जयमालेचं घर!"

प्रज्योत माझ्या शेजारीच उभा. ओ द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. माझा हात त्याच्या मनगटावर होता. ओ आली ती बाहेरून, पाण्याकडून. आवाज त्याचाच गं, माझ्या जित्या लेकराचा...

"हाय, आये."