यमूची मुदत

त्या काळी सोयरीक जुळवताना पत्रिका फारशी कुणी मागत नसे, मुदत विचारत. मुलगी शिकलेली आहे, मनमिळाऊ आहे, सगळं खरं. पण मुदत किती? तिशीच्या आतली निघाली तर पाहुणे चहा संपवून उठत.

आर्या जगदाळेला हे सगळं ऐकून माहीत होतं. ते आपल्या घरात येईल असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं. तिची यमुना, यमू, सहा वर्षांची असताना तापाने फणफणली आणि तिचे गुडघे नारळासारखे सुजले. शरीराची राखणदार यंत्रणाच शरीरावर उलटली होती. ती सांध्यांना आणि हृदयाभोवतीच्या पडद्याला खात होती. नेहमीच्या औषधांनी सूज उतरे, पण चेहरा फुगे, उंची खुंटे. आर्या रोज सकाळी मुलीचं कपाळ, नखं, लघवीचा रंग पाही. कंगव्यात केस जास्त आले की तिला पुढचं कामच सुचेनासं होई. आजाराला जेवढी भ्यायली नव्हती तेवढी ती औषधांना भ्यायली होती. दोन वर्षांनी हृदयाचा पडदा जाड व्हायला लागला, तेव्हा एकच औषध उरलं. ते मुदतीचं होतं.

हे औषध तसं जुनंच. रोगाला ते मुळापासून दाबून टाकी. पण यकृतात त्याचे तुकडे होत, आणि त्यातला एक तुकडा नसांचं आवरण कुरतडे. आधी पावलं बधिर होत, मग हात, काहींची नजरही जाई. मग काही संशोधकांच्या मनात आलं, की शिसं जसं शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षं हाडात मुकाट पडून राहतं, तसं हे विषही हाडात बसवून ठेवता येईल. त्यांनी त्याला हाडाच्या चुन्याशी जखडणारा एक रेणू घडवला. त्याला अस्थिकुलूप म्हणत. हाड सतत झिजतं आणि नव्याने भरतं. त्या झिजेबरोबर कुलूपही झिजे आणि ठरल्या वयाला, म्हणजे मुदतीला, उघडे. ते किती टिकाऊ ठेवायचं हे पहिल्याच इंजेक्शनला ठरवावं लागे, नंतर बदल नाही. चाळिशीपलीकडे कुठलंच कुलूप तग धरत नसे. म्हणजे विष टळत नव्हतं. ते कधी भोगायचं एवढंच आईबापांच्या हाती आलं होतं.

आर्याच्या नवऱ्याने, ऋग्वेदने, चाळीस हे घरीच ठरवून टाकलं. तोवर काहीतरी उपाय निघेलच, असं त्याचं म्हणणं होतं. आर्यालाही ते पटलं होतं. मिरजेला डॉ. तस्नीम शिकलगारांसमोर बसल्यावर तिने सहज तेवढंच विचारलं, की उपाय कुठवर आला.

डॉक्टर म्हणाल्या, "कुठवरच नाही. पूर्वी या आजाराच्या मुलांचे वॉर्ड भरलेले असत, म्हणून लोक धडपडत होते. आता मुलं बरी होऊन घरी जातात. वॉर्ड बंद झाले, संशोधनही थांबलं. पुढे वीस-तीस वर्षांनी होणाऱ्या दुखण्यासाठी आज कोण जागरण करणार?"

ऋग्वेद अस्वस्थ होऊन उठला आणि बाहेर यमूपाशी जाऊन बसला.

"तुमच्या मुलीला असतं, तर तुम्ही किती ठेवली असती?" आर्याने विचारलं.

"मीच लहानपणी हे औषध घेतलंय," डॉक्टर म्हणाल्या. "अम्मीने अडतीस ठेवली. तोवर संसार होईल, मुलं मोठी होतील, असा तिचा हिशेब. चुकला नाही तो. ती स्वतः मात्र चार वर्षांपूर्वी गेली. गेल्या महिन्यात माझ्या पायाचा अंगठा बधिर झाला. मला नवरा आहे, दोन मुलगे आहेत. तरी पहिल्यांदा वाटलं, अम्मीला सांगावं."

त्या वाक्याने आर्याचा निर्णय फिरला. यमू चाळिशीला पोचेल तेव्हा आपण असू की नसू, आणि असलो तरी तिला उचलायची ताकद आपल्यात कुठली? पोरीने पांगळं व्हायचंच असेल तर आपल्या हातांत बळ आहे तोवर व्हावं. तिने वीस सांगितली. ऋग्वेदने हुज्जत घातली, शेवटी हो म्हणाला. पण पुढे बरेच दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोले.

यमू बरी झाली. नुसती बरी नाही, वाऱ्यासारखी पळायला लागली. जिल्ह्याच्या खो-खो संघात गेली. ती मैदानात सूर मारून खांबाला शिवे तेव्हा सगळे टाळ्या वाजवत, आणि आर्या तिच्या पावलांकडे बघत बसे. काळजी गेली नव्हती, तिला फक्त तारीख मिळाली होती.

अठराव्या वर्षी मुलांना त्यांची मुदत सांगावी असा कायदा होता. आर्याने ती सांगितली, कारणही सांगितलं. यमूने ऐकून घेतलं आणि कॉलेजसाठी पुण्याला निघून गेली. फोन करी, पण बोलणं हवापाण्याचं.

विसावं लागलं आणि उन्हाळ्यात ती घरी परत आली. तोवर आर्याने नोकरी सोडली होती, खालच्या खोलीत पलंग लावला होता, मालिश शिकून घेतलं होतं. सगळी तयारी होती. पहिल्या दिवशी ती तेलाची वाटी घेऊन पलंगाशी बसली आणि म्हणाली, "घाबरू नकोस. मी आहे."

यमू चिडली नाही. ती अगदी शांतपणे बोलली.

"आमच्या पुण्याच्या खोलीतल्या पूर्वाची मुदत चाळीस आहे, आई. तिला माझ्यापेक्षा वीस वर्षं जास्त मिळाली. मला तू मिळालीस."

आर्याने मुलीचं पाऊल मांडीवर घेतलं आणि तळव्याला तेल चोळायला लागली, हळूहळू, बोटाबोटातून. खूप वेळ ती चोळत होती. यमू भिंतीकडे तोंड करून पडली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सुरू केलंस का?"