आतले सात धागे

"माझ्याच सहीने माझं टेंडर मागे घेतलं गेलं," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि मी तेव्हा विमानात होते."

कारखाना दोऱ्यांचा होता. सैन्याला पॅराशूटच्या दोऱ्या पुरवायचं तीन वर्षांचं टेंडर पोर्टलवर भरलेलं होतं. काल दुपारी तीनला मुदत संपायची होती. दोन सत्तेचाळीसला कुणीतरी ते मागे घेतलं, आणि एकदा मागे घेतलेलं टेंडर पोर्टल पुन्हा भरू देत नाही.

"कारणाचा रकाना असतो ना?" भिंगबाईंनी विचारलं.

"असतो. 'दोरी सदोष' असं लिहिलंय. म्हणजे वर आमची बदनामी."

भिंगबाई गुप्तहेर होत्या आणि सोबतचे मास्तर त्यांचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मास्तर ड्रायव्हर म्हणून येतात असं भिंगबाई म्हणत, आणि सल्लागार म्हणून येतो असं मास्तर.

मालकीणबाईंनी कपाटाच्या कुलपावरचे कोरीव आकडे जुळवले. जुळवताना त्या पुटपुटत होत्या, "चार... नऊ... नऊ... दोन..." मास्तरांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. आतून डिजिटल सहीचं डोंगल निघालं. ते संगणकाला लावून पिन टाकल्याशिवाय टेंडर भरताही येत नाही आणि काढताही येत नाही.

"पिन कुणाला माहीत आहे?"

"तो फक्त माझ्या डोक्यात आहे."

दारावर काठी टकटकली. "बाई, जरा बोलायचं होतं."

"मावशी, नंतर या."

काठी टकटकत परत गेली. "आमच्या दोरी तपासणाऱ्या मावशी. त्यांना दिसत नाही," मालकीणबाई म्हणाल्या आणि मूळ विषयावर आल्या. "पोर्टलचं काम माझा धाकटा भाऊ बघतो. आईमागे मीच वाढवलंय त्याला. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही, तर पोलिसांत त्याचं नाव द्यावं लागेल."

धाकट्या भावाचा गाल टम्म सुजला होता. दाढ काढायला गेलो होतो, असं तो म्हणाला.

"दातांचे डॉक्टर सांगतात, तुम्ही दोनलाच निघालात."

"निघालो आणि गाडीत झोपलो. भूल उतरली नव्हती. घोरणाऱ्या माणसाला साक्षीदार कुठून मिळणार?"

"परत आलात तेव्हा काय दिसलं?"

"संगणक चालू होता, पण स्क्रीनचं बटण बंद होतं. जाताना मी दोन्ही बंद करून गेलो होतो." त्याने पोर्टलवरची नोंद दाखवली. पोर्टलचं दार दोन एकतीसला उघडलं होतं. आत जाताना वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाइप करावी लागतात. काल ती कुणी बघून ओळखली नव्हती, शेजारचं कर्ण्याचं बटण दाबून ऐकून ओळखली होती. "आमच्याकडे ते बटण कुणी दाबत नाही. डोळे असताना ऐकत कोण बसतं?"

मालकीणबाईंचे दीर कारखान्याचं उत्पादन सांभाळत. "वहिनींना भावाची माया नडते," ते म्हणाले. "मी काल दिवसभर यंत्रावर होतो, चाळीस कामगार सांगतील. आमचा माल एकदम चोख. हा घ्या, टेंडरसोबत पाठवलेल्या नमुन्यातलाच तुकडा."

मास्तरांनी हातभर दोरी घेतली आणि चाळा म्हणून बोटाभोवती गुंडाळत बसले. एका जागी ती चपटी होऊन मुडपली. आपल्याला साधी दोरीही नीट गुंडाळता येत नाही, असं वाटून त्यांनी ती गुपचूप भिंगबाईंच्या हाती दिली.

वॉचमन म्हणाला, "ऑफिसात काल दिवा नव्हता, पडदे ओढलेले होते. पण आतून एका बाईचा आवाज येत होता. इतकी घाईघाईत बोलत होती की एक अक्षर कळेना. परकी भाषा असणार. तेवढ्यात गेटवर ट्रक आला आणि मी धावलो."

"परका देश! प्रकरण मोठं आहे," मास्तर कुजबुजले.

"अहो, तुम्ही गाडीची किल्ली तेवढी सांभाळा."

तपासणीच्या खोलीत मावशी बसल्या होत्या. चिमटीतून दोरी संथपणे सरकत होती आणि कानाशी धरलेला फोन चिरचिरत होता. बिघडलेला दिसतो, असं मास्तरांना वाटलं. भिंगबाई मात्र बराच वेळ तो ऐकत उभ्या राहिल्या.

"मावशी, आधी कुठे होता?"

"टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तीनशे नंबर तोंडपाठ होते. ऐकलेला आकडा मी विसरत नाही."

"चला, ऑफिसात. कात्रीही घ्या."

ऑफिसात सगळे जमले. मालकीणबाई भावाकडे बघायचं टाळत होत्या.

"काल इथे जो बसला त्याने स्क्रीन लावलाच नाही," भिंगबाई म्हणाल्या. "दिवा नाही, पडदे बंद. पोर्टलची अक्षरंही त्याने ऐकून लिहिली. ज्याला या कशाचीच गरज नाही असं माणूस कारखान्यात एकच आहे. पण काठीचा आवाज आला की तुम्ही सगळे 'नंतर या' म्हणता."

"पण ती परकी बाई?" मास्तरांनी विचारलं.

"ती संगणकातली बाई, पडद्यावरचं वाचून दाखवणारी. तशी सोय प्रत्येक संगणकात असते, दोन बटणं दाबली की बोलू लागते. मावशींच्या फोनमध्येही तीच आहे. सरावलेले कान तिला इतकी पळवतात की आपल्याला नुसती चिरचिर ऐकू येते. मावशींना त्यातला शब्द न् शब्द कळतो. आणि मालकीणबाई, आकडे जुळवताना तुम्ही पुटपुटता. कपाटाचे मलासुद्धा पाठ झालेत. पिनचंही तेच झालं असणार."

मास्तर ओशाळले. मघाशीच त्यांनी त्या फोनला बिघडलेला ठरवलं होतं.

"मावशी, तुम्ही?" मालकीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "का?"

"कारण त्यांनी रकान्यात लिहिलं होतं," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्हाला ती बदनामी वाटली. ती तपासणी होती."

त्यांनी मास्तरांकडून आलेली दोरी मुडपून चपटी जागा शोधली आणि तिथे कात्री चालवली. टेंडरप्रमाणे आत सात धागे हवे होते. मास्तरांनी मोजले. पाच होते. दोन मध्येच तुटून संपले होते, आणि वरचं विणलेलं आवरण मात्र नव्यासारखं तुकतुकीत होतं.

सगळ्यांच्या नजरा दिरांकडे वळल्या. "सूत कमी पडलं, वहिनी," ते खाली बघत म्हणाले. "जुनं, कच्चं सूत घालून मुदत गाठली. चाचणीचा कागद मागच्या वर्षीचाच जोडला. म्हटलं, आतलं कोण बघतं?"

"मी परवा त्यांना सांगितलं, बघतो म्हणाले," मावशी म्हणाल्या. "काल तुम्हाला चारदा फोन लावला, तो बंद. तीन वाजले की टेंडर मागे घेता येणार नाही, आणि मग कुणाचा तरी मुलगा या दोरीला लटकून खाली येणार. आज सकाळपासून दोनदा तुमच्या दाराशी आले. न विचारता कपाट उघडलं, तुमची सही वापरली, हा माझा गुन्हा. पोलिसांत द्यायचं तर माझं नाव द्या."

मग मालकीणबाईंनी डोळे मिटले आणि उरलेली दोरी चिमटीतून ओढली. त्यांना काहीच लागलं नाही. मावशींनी त्यांचं बोट धरून दोनदा एका जागेवरून फिरवलं. तिसऱ्यांदा मालकीणबाई दचकल्या. तिथे बोटाखाली दोरी किंचित पोकळ होती.

"बारा वर्षं झाली माझ्या हातून या दोऱ्या जातायत," मालकीणबाई म्हणाल्या. "मला हे कधीच कळलं नाही." मग भावाकडे वळून त्यांनी त्याच्या सुजलेल्या गालाला हात लावला. "चुकले रे." भावाला दाढेमुळे धड हसताही येईना.

दिरांकडून यंत्रशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. टेंडर गेलं ते गेलंच. पुढचं चार महिन्यांनी होतं.

"सही माझी असेल," मालकीणबाई म्हणाल्या, "पण मावशींनी दोरी पास केल्याशिवाय डोंगल कपाटातून निघणार नाही. मावशी, बसा." त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

मग त्या पिन बदलायला उभ्यानेच संगणकाकडे वळल्या. या वेळी ओठ घट्ट मिटून त्यांनी सहा बटणं दाबली. खोलीत फक्त टकटक ऐकू आली.

"हे बरं केलंत, बाई," मावशी खुर्चीतून म्हणाल्या. "पण शेवटचे दोन आकडे सारखे ठेवू नका."

मालकीणबाईंनी पिन पुन्हा बदलला.