सातवं कोण?

भोकरहून उदगीरला येऊन तनुजाला दोनच दिवस झाले होते. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात एकच कंपासपेटी उरली होती, आणि तिच्यावर एकाच वेळी दोन हात पडले. एक तिचा. दुसरा एका सावळ्या, उंच पोराचा.

"घे तू," तो म्हणाला. "मला वर्तुळ हातानंच जमतं."

"उगं फुशारकी मारू नको."

त्यानं तिथल्याच एका चिठोऱ्यावर, पेन्सिल न उचलता, एका दमात वर्तुळ काढलं. गोल... भाकरीच्या तव्यासारखं गोल. वर्गात गेल्यावर कळलं, हा बसवराज तिच्याच अकरावीत आहे. चिठोरं तिनं कंपासपेटीत ठेवून दिलं. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तीन महिन्यांत तनुजा पार बदलली. छेदात मोठा आकडा दिसला की घाम फुटणारी ही पोरगी, आता फळ्यापाशी जाऊन गणिताच्या दयानंद सरांची चूक दाखवायची. सगळं येत होतं तिला. एक सोडून — कन्नड.

वर्गातल्या ऋतुजाला नेमकं तेच येत होतं. मधल्या सुट्टीत बसवराज आणि ऋतुजा कन्नडमध्ये असे बोलायचे, असे हसायचे, की तनुजा अर्ध्या डब्यावरच झाकण लावायची. त्यात मध्येच "...तनुजा..." असं ऐकू यायचं, आणि मग पुन्हा खसखस.

"माझ्यावरच हसून राहिलेत," ती शेजारी बसणाऱ्या जेबाला म्हणाली.

"अगं, नात्यातली हाय ती त्याच्या," जेबा म्हणाली.

तनुजाच्या जिवात जीव आला.

"मामाची पोरगी असंल," जेबानं पेरूचा तुकडा तोंडात टाकत जोडलं.

आलेला जीव गेला. मामाची पोरगी म्हणजे काय साधं नातं? इकडं तर पाळण्यातच लग्न ठरवून टाकतात!

त्या दिवसापासून गेटवर पेरू विकणाऱ्या धुरपताबाईंकडे तिची कन्नडची शिकवणी सुरू झाली. बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको. "मीठ बेकु?" "बेकु." "तिखट?" "बेडा." पण एवढ्या भांडवलावर त्या दोघांची कुजबुज काही उलगडत नव्हती.

मग दयानंद सरांनी फर्मावलं — आपल्याच वर्गावर एक शाब्दिक उदाहरण बनवा, अपूर्णांक आणि संच दोन्ही आले पाहिजेत. जोड्या चिठ्ठ्या टाकून. तनुजाच्या चिठ्ठीत निघाला बसवराज.

"घरी कोण कोणती भाषा बोलतं, ते विचारू," तो म्हणाला. "मराठीवाले तू मोज, कन्नडवाले मी."

"कन्नडच सुचणार तुला."

"का, वाईट हाय का?"

"न्हाई बाबा. काही जणांची तर लई गोड लागते."

तो नुसता हसला. वर्गात छत्तीस जण. दोन तृतीयांश घरी मराठी बोलणारे, म्हणजे चोवीस. त्याच्या यादीप्रमाणे पाच बारांश कन्नड, म्हणजे पंधरा. जेबा, नबील आणि आणखी दोघं, एक नवमांश, दोन्हींच्या बाहेर; उरले बत्तीस. बसवराजनं हातानंच दोन वर्तुळं काढली, एकमेकांत शिरलेली.

"चोवीस आणि पंधरा एकोणचाळीस, वजा बत्तीस..." तनुजा म्हणाली. "दोन्ही बोलणारे सात."

पडताळा म्हणून तिनं दोन्ही बोलणाऱ्यांना हात वर करायला लावले. सहाच हात. पुन्हा मोजले... सहाच. त्यांत ऋतुजाचा सगळ्यात उंच.

"तू चुकलास," तनुजा तडकली. "ऋतुजाला दोनदा मोजलंस."

"न्हाई मोजलं."

"तिच्यावरनं नजर हटली तर मोजशील ना नीट! आण ती यादी."

"राहू दे, मी करतो दुरुस्त—"

पण यादी तिच्या हातात आली होती. ऋतुजा एकदाच होती, चौथी. तनुजाचं बोट खाली सरकत गेलं... बारा, तेरा, चौदा. पंधराव्या ओळीत, अगदी बारीक अक्षरात — तनुजा.

"हे काय?" तिचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या घरी कोण बोलतंय कन्नड?"

बसवराजचे कान लाल झाले. "अजून न्हाई..."

"अजून?"

"लिहिता लिहिता आलं हातातून. तुझं नाव येतंच... कुठंही."

मागच्या बाकावरून ऋतुजानं मान पुढे काढली. "सांगितलंस का एकदाचं, अण्णा? तीन महिने झाले, रोज तनुजा काय म्हणाली, तनुजा का रुसली. राखी बांधते म्हणून काय माझं डोकं खायचं का? थांब, मावशीलाच सांगते."

मावशी! म्हणजे बसवराजची आई; ऋतुजा मामाची नव्हेच, मावशीची पोरगी. सख्ख्या बहिणीसारखी. तनुजानं जेबाकडे पाहिलं. जेबा खिडकीबाहेरची चिंच निरखत होती.

बसवराजनं खिशातून रबर काढलं. तिच्याकडे न बघताच विचारलं, "खोडू?"

तनुजानं यादीवर तळहात ठेवला.

"बेडा."

रबर त्याच्या हातातून निसटून बाकाखाली गेलं. "कुठं शिकलीस?"

"पेरू खाता खाता."

"मग उत्तर काय लिहू? सहा का सात?"

"आत्ता सहाच लिही," ती म्हणाली. गाल तापले होते, पण नजर तिनं हटवली नाही. "सातवं येईल हळूहळू... शिकून राहिली ना मी."