लिब्ना, असेल कदाचित

त्या वर्षी अब्बांच्या सुतकाचे, आम्हा ज्यूंच्या रीतीचे, सात दिवस संपले आणि मी ते उत्खनन करायचे त्या टेकडीवर गेले. माझ्या वडिलांनी शेवटच्या उन्हाळ्यात खणून काढलेली खापरं छपराखाली टोपल्यांत तशीच पडली होती. आणि त्यांच्या स्टुलावर बसून एक अनोळखी माणूस ती धूत होता.

"कोण तुम्ही?"

तो दचकला. पाणी गुडघ्यांवर सांडलं. "एलियाव... पलीकडच्या टेकडीवरचा."

पलीकडची टेकडी! बायबलमधलं लिब्ना हे गाव नेमकं कुठे होतं, यावरून तिथे खणणाऱ्यांशी अब्बांचं आयुष्यभर भांडण. तटबंदी दोन्हीकडे सापडली होती. गावाचं नाव मात्र कुठेच लिहिलेलं नाही. नकाशांत अजूनही दोन्ही टेकड्यांपुढे प्रश्नचिन्ह छापतात.

"म्हणजे शत्रू," मी म्हणाले.

"शत्रूच. पण खापरं न धुता ठेवू नयेत, हे तुमच्या वडिलांनीच शिकवलं. कुंपणापलीकडून. ओरडून."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. तोही आपलं काम उरकून यायचा, खिशात अंजिरं घेऊन. वाळल्या गवताचा वास, बादलीतलं कोमट पाणी... आणि अब्बांचा नियम: खापर आधी नुसतं बुडवायचं, उन्हात तिरकं धरायचं. शाईची अक्षरं नाहीत याची खात्री झाली, की मगच ब्रश.

"प्रत्येक खापराला नाक का मुरडतेस?"

"अब्बा मुरडायचे."

"त्यांना शोभायचं नाही."

"आणि मला?"

तो बादलीत बघत राहिला – कान लाल झालेले.

एके दुपारी वाऱ्याने माझा रुमाल सुटला. मी केस बांधून वळले, तर एलियाव हातातल्या ब्रशकडे बघत होता. त्याच्या ब्रशच्या टोकाला काळपट ओल होती आणि खापरावर एक पुसटशी रेघ.

"हदास... मी हे बुडवलंच नाही. सरळ घासलं." त्याने खापर माझ्यापुढे धरलं. "अक्षरं होती. गावाचं नाव असेल कदाचित. तुझे अब्बा खरे ठरले असते."

त्याने ब्रश गुपचूप बादलीत विसळला असता, तर मला कधीच कळलं नसतं. शिवाय त्यात फायदा त्याच्याच टेकडीचा होता.

"किंवा तेलाच्या बुधल्यांचा हिशेब असेल," मी म्हणाले. पण डोळे भरून आले. सुतकात जे रडू आलं नव्हतं, ते आता थांबेना.

तो शेजारी नुसता बसून राहिला.

"लक्ष कुठे होतं तुझं?" मी शेवटी ओरडलेच – थेट अब्बांसारखी.

"तू... केस बांधत होतीस."

मग मी त्याच्या हातातून खापर घेतलं आणि जपून जाळीवर वाळत ठेवलं.

"उद्यापासून बुडवणार मी. तू फक्त घासायचं."

"म्हणजे... उद्या येऊ?"

"ये. आणि टोपल्या संपल्या तरी येत जा."