कोऱ्या चार पानांचा गुन्हेगार

आत्याबाईंची तक्रार त्या लेखकाबद्दल होती. रहस्यकथा लिहायला बसलास ना, मग खून कोणी केला ते सांग की बाबा. ते नाही. याच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणानंतर थेट नववं, मग चौथं. पानांना आकडे नाहीत. गोष्ट सांगणारा मधेच म्हणतो, मागचं सगळं खोटं होतं. पुढे लेखक स्वतःच गोष्टीत शिरतो आणि संशयितांच्या रांगेत खुर्ची टाकून बसतो. आणि शेवटी चार पानं कोरी. खाली बारीक अक्षरात, 'शेवट वाचकाने लिहावा.'

"मग वर नावही वाचकाचंच घालायचं होतं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. पण नवऱ्यामागे तीस वर्षं वाचनालय त्यांनीच चालवलं. दुपारी भाची मोठ्याने वाचून दाखवी, तेव्हा तिसऱ्या प्रकरणातच गुन्हेगार त्यांच्या हाती लागे. हाच एक निसटला होता, त्याचा राग वेगळा.

भाचीला राग आला नाही. फाटकी पुस्तकं शिवणं हे तिचं काम, तिला वाटलं, बांधणाऱ्याने घोळ घातला. तिने टाके उसवले, प्रकरणं ओळीने लावली, पुन्हा शिवली आणि नेहमीसारखं खाकी कागदाचं कव्हर चढवलं. कोऱ्या पानांशी मात्र तिचा हात अडला. अर्धवट गोष्ट तिला बघवत नसे. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा तिला पाहून गेला होता. पुन्हा आला, हसला, बोलला… आणि मग ना होकार, ना नकार. तेव्हाच आत्याबाईंनी मनाशी ठरवलं होतं, पोरीला पुन्हा कोणी असं टांगून ठेवायचं नाही.

भाचीने त्या पानांवर शेवट लिहून टाकला. गुन्हेगार लेखकच. का, तर 'ज्याला सगळं माहीत असतं आणि जो तोंड उघडत नाही, तोच.'

आत्याबाईंना हा शेवट फार पटला.

मग एका गुरुवारी एक माणूस आत आला. बाहेर धो धो पाऊस, मिटलेली छत्री काखेत आणि स्वतः नखशिखांत ओला. त्याने कपाटातून नेमकं तेच पुस्तक काढलं, चार पानं उलटली आणि जागीच थिजला.

"हे कोणी केलं?"

"मी," भाची म्हणाली. ती दोऱ्याला मेण लावत होती. "प्रकरणं विस्कटली होती."

"ती… मुद्दाम विस्कटली असतील. वाचणाऱ्याने शोधावं म्हणून."

"वाचणाऱ्याने खुनी शोधायचा की पान?"

तो हसला. "तुम्ही पुस्तकाचा खून केलात."

"मेलेलंच आलं होतं. टाके घालून मी उठवलं."

"लेखकाला कळलं तर?"

"कळू दे. तोंड कुठे उघडतोय तो? शेवटच्या पानापर्यंत उघडलं नाही."

त्याने शेवटचं पान वाचलं. त्याचे कान लाल झाले, ते आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

तो सभासद झाला. दर गुरुवारी यायचा, तेच पुस्तक काढून तिथेच वाचत बसायचा. आत्याबाईंनी त्याचं नाव गुरुवारवाला ठेवलं. तो टेबलापाशी रेंगाळायचा, भाची शिवत असली की दोऱ्याचं टोक धरायचा. बोट बोटाला लागलं की दोघं पुस्तकाकडे बघत बसायची…

समासात पेन्सिलीची अक्षरं उमटू लागली. 'गुन्हेगार लेखक, मान्य. पण हेतू काय?' खाली भाचीचं अक्षर, 'भित्रा आहे.' पुढच्या गुरुवारी, 'भित्रा माणूस दर आठवड्याला येतो का?' त्याखाली, 'येतो. बोलत मात्र नाही.'

आत्याबाई ते अक्षर अक्षर जुळवून वाचायच्या आणि पुस्तक गुपचूप जागेवर ठेवायच्या.

इतक्या हाताळणीने खाकी कव्हर फाटलं. भाचीने ते काढलं आणि तिचे हात थांबले. मागच्या पुठ्ठ्यावर लेखकाचा फोटो होता, कव्हर चढवताना तिने तो नीट पाहिलाच नव्हता.

"आत्या… गुरुवारवाला."

"आला?"

"नाही. हे पुस्तक त्याचं आहे. टोपणनावाने लिहितो." तिने सुई खाली ठेवली. "मला बघून पुढचं पुस्तक लिहीत असेल. मी पात्र झाले, आत्या. आणि मलाही शेवट नसणार."

गुरुवारी तो आला, तेव्हा पुस्तक टेबलावर पालथं पडलं होतं, फोटो वर. भाचीने मान वर केली नाही.

"मी… सांगणारच होतो."

"कितव्या गुरुवारी?" आत्याबाईंनी विचारलं.

त्याने पुस्तक उचललं आणि निघून गेला. छत्री दारातच राहिली.

पुढचा गुरुवार गेला, त्याच्या पुढचाही. भाचीच्या बोटात दोनदा सुई गेली. दार वाजलं की आत्याबाई आधी बघायच्या आणि मग दारालाच बोलायच्या, वाऱ्याने काय वाजतंस मेल्या.

तिसऱ्या गुरुवारी तो आला. पुस्तक उघडून त्याने भाचीपुढे ठेवलं. तिच्या शेवटाखाली शाईने लिहिलं होतं. सवयीने ती मोठ्याने वाचू लागली.

"'कबुलीजबाब. गुन्हेगार मीच. दुसऱ्या गुरुवारपासून मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही. हेतू एकच, नकाराची भीती. मला या मुलीशी लग्न करायचं आहे. या वाक्याला दुसरा…'" तिने ओळीवर बोट ठेवलं. "'…दुसरा अर्थ नाही, दुसरा शेवट नाही.'"

खाली त्याचं खरं नाव होतं.

"दोन गुरुवार कुठे होतात?" आत्याबाई.

"आईकडे. आधी तिला सांगून आलो."

"मला पुस्तकात घालणार?" भाचीने विचारलं.

"नाही. पुस्तकात मला खोटं बोलायची सवय आहे."

"मग तोंडाने म्हणा," ती हळूच म्हणाली. "लिहिलेलं उसवता येतं."

त्याने एकदा आत्याबाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझ्याशी… लग्न कराल?"

"हो," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला. तो कशाला तोडला, तिलाच ठाऊक. शिवण अजून अर्धी होती.

आत्याबाईंच्या छातीवर दोन वर्षं बसलेलं ओझं उतरलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, डोळेही त्यातच पुसून घेतले. मग त्याच्याकडे वळल्या.

"ती छत्री न्या आधी, वाटेत येते. रविवारी आईला घेऊन या. आणि ऐका. लेखक म्हणून तुम्ही लबाड आहात. जावई म्हणून चालाल."